फिनिक्सहून सॅन डिएगो: पहिली आरव्ही सहल कशी आखावी

जून उजाडला आणि फिनिक्सचा पारा ११० फॅरनहाइटच्या वर चढला की आमच्याकडची मंडळी समुद्राची वाट धरतात. दर उन्हाळ्यात सॅन डिएगोत एवढे अ‍ॅरिझोनावाले उतरतात की तिथल्या लोकांनी आम्हाला 'झोनी' असं नावच पाडलंय. भारतातून आई-बाबा आलेले असले, मुलांना सुट्टी असली आणि हॉटेलच्या दोन खोल्यांत विभागून राहायची इच्छा नसली की आरव्हीचा विचार डोक्यात येतो. स्वतःचा स्वयंपाक, स्वतःचं बाथरूम, दुपारी आडवं व्हायला आजी-आजोबांना जागा. विचार चांगलाच आहे. फक्त तो कारच्या सहलीसारखा आखला की पहिले दोन दिवस दमछाकीत जातात. आरव्ही म्हणजे चाकांवरचं बिऱ्हाड. ते एका जागी मांडायचं आणि मग आपण हिंडायचं. पुढचं सगळं याच हिशेबाने लिहिलं आहे.

आधी जागा, मग गाडी

बहुतेक जण आधी आरव्ही बुक करतात. पहिल्या वेळी आम्हीही तेच केलं. तीस फुटी गाडी घेऊन ठेवली आणि मग कॅम्पग्राउंड शोधायला बसलो. समुद्राजवळच्या मोकळ्या साइट पंचवीस फुटांच्या, आणि मोठ्या गाडीला जागा होती ती शहरापासून लांब. म्हणून आधी जागा पक्की करा, त्या साइटवर किती फुटी गाडी मावते ते बघा आणि मग त्या मापाची गाडी घ्या.

सॅन डिएगोच्या आसपास राहण्याचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. पहिला, सरकारी किनारा. कोरोनाडोजवळचं सिल्व्हर स्ट्रँड, उत्तरेला कार्डिफचं सॅन एलिहो आणि त्याच्याही वर साउथ कार्ल्सबाड ही स्टेट बीच त्यात येतात. सिल्व्हर स्ट्रँडला तंबू चालत नाहीत, फक्त आरव्ही. एका अंगाला प्रशांत महासागर, दुसऱ्या अंगाला सॅन डिएगोची खाडी आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर डांबरी मैदानात तुमची गाडी. झाडाची सावली नाही, पण दार उघडलं की वाळू. सॅन एलिहो आणि कार्ल्सबाडला गाड्या कड्यावर लागतात. रात्रभर खाली लाटांचा आवाज येतो. सॅन एलिहोला रस्त्यापलीकडून रेल्वेही जाते, त्यामुळे झोप सावध असलेल्या माणसाला तिथे नेताना विचार करा. या दोन्ही ठिकाणी बहुतेक साइटवर पाणी, वीज, सांडपाणी यांची जोडणी नसते. सगळा कारभार गाडीतल्या टाक्यांवर आणि बॅटरीवर.

या जागा 'रिझर्व्ह कॅलिफोर्निया' या संकेतस्थळावर बरोबर सहा महिने आधी खुल्या होतात, पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ८ वाजता. इथे आपल्याकडच्यांचा घोळ होतो. अ‍ॅरिझोना घड्याळ पुढे-मागे करत नाही. म्हणजे उन्हाळ्यात त्यांचे आठ ते आपले आठ, पण हिवाळ्यात त्यांचे आठ वाजतात तेव्हा आपल्याकडे नऊ झालेले असतात. जुलैची जागा जानेवारीत बुक करायची, म्हणजे फिनिक्सच्या घड्याळात नऊला. खातं आधी उघडून ठेवा, कार्डाची माहिती हाताशी ठेवा आणि दोन-तीन पर्यायी साइटचे क्रमांक कागदावर लिहून ठेवा. चांगल्या जागा काही मिनिटांत जातात.

दुसरा प्रकार खाजगी आरव्ही पार्क. मिशन बेवर कॅम्पलँड आहे, दक्षिणेला चुला व्हिस्टाला खाडीकाठी मोठा रिसॉर्ट आहे. भाडं जास्त, पण पाणी, वीज आणि सांडपाणी या तिन्हींची जोडणी असलेली साइट, कपडे धुवायचं यंत्र, पोहण्याचा तलाव असं सगळं मिळतं. तिसरा प्रकार आतल्या भागातला. सँटीला सँटी लेक्स म्हणून सात तळी आहेत, सांडपाणी शुद्ध करून भरलेली. काठावर पूर्ण जोडणीच्या साइट, बदकं आणि मासेमारी. समुद्र गाडीने अर्ध्या तासाच्या अंतरावर आणि दुपारी किनाऱ्यापेक्षा बरंच जास्त ऊन.

पहिलीच सहल असेल आणि सोबत वयस्कर माणसं असतील तर माझं स्पष्ट मत आहे: चुला व्हिस्टा किंवा मिशन बे घ्या, पूर्ण जोडणीचीच साइट घ्या, आणि मिळाली तर 'पुल-थ्रू' घ्या. म्हणजे एका बाजूने आत शिरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर. रात्री अंधारात एवढी लांब गाडी मागे घ्यायची वेळ येत नाही. कड्यावरची जागा दुसऱ्या सहलीसाठी राखून ठेवा.

एक गोष्ट डोक्यातून काढून टाका: रस्त्याच्या कडेला किंवा बीचच्या पार्किंगमध्ये रात्र काढू. सॅन डिएगो शहरात रात्री २ ते सकाळी ६ या वेळात रस्त्यावर आणि बीचच्या वाहनतळांवर आरव्ही उभी करायला बंदी आहे. दंड होतो.

कधी जायचं

'सूर्यप्रकाशाचं शहर' ऐकून लोक मे-जूनचं ठरवतात आणि सकाळी उठून करडं आभाळ बघून हिरमुसतात. थंड समुद्रावरून ढगांचा पातळ थर किनाऱ्यावर सरकतो आणि दुपारपर्यंत, कधी दिवसभरही हटत नाही. तिथे त्याला 'मे ग्रे' आणि 'जून ग्लूम' म्हणतात. लख्ख ऊन आणि त्यातल्या त्यात कोमट पाणी हवं असेल तर ऑगस्टचा शेवट ते ऑक्टोबरची सुरुवात सगळ्यात छान. शाळा सुरू झालेल्या असतात, म्हणून लेबर डेनंतर (सप्टेंबरचा पहिला सोमवार) गर्दीही उतरते.

कोमट हा शब्द जपून वापरलाय. कोकणातल्या समुद्रात लहानपणी डुंबलेल्या माणसाला हे पाणी गारच लागणार. भर उन्हाळ्यात २० अंश सेल्सिअसच्या आसपास, हिवाळ्यात १४-१५. माझ्या आईने पाय बुडवला आणि ताबडतोब मागे आली. मुलांसाठी अंगभर घालायचे वेटसूट भाड्याने मिळतात, ते घ्या. संध्याकाळी सगळ्यांना स्वेटर लागतोच, जुलैमध्येसुद्धा.

गाडी घेताना

मोटरहोमचे तीन वर्ग. 'ए' म्हणजे बससारखी मोठी, 'बी' म्हणजे उंच व्हॅन, आणि 'सी' म्हणजे ट्रकच्या डोक्यावर पलंग असलेली. चार-सहा जणांच्या कुटुंबाला २५ फुटी 'सी' पुरे. तिला साधा मोटारीचा परवाना चालतो. भारतीय परवान्यावर कोणी चालवणार असेल तर आंतरराष्ट्रीय परवाना सोबत असावा, आणि भाड्याची कंपनी तो मानते का हे आधी विचारावं.

जाहिरातीत 'सहा जण झोपतात' असं लिहिलेलं असतं. झोपायच्या जागा आणि सीटबेल्ट ही दोन वेगळी मोजणी. बेल्ट किती आहेत, त्यातले पुढे तोंड केलेल्या सीटचे किती, आणि मुलांची कारसीट त्यात घट्ट बसते का, हे फोनवरच विचारा. धावत्या गाडीत आजीने उठून चहा करायचा नाही. घाटात अचानक ब्रेक लागला तर उभं माणूस कुठे आदळेल सांगता येत नाही.

भाड्याचा आकडा ऐकून हुरळू नका. त्यावर मैलांचे पैसे, जनरेटरच्या तासांचे पैसे, अंथरूण-भांड्यांच्या संचाचे पैसे, सफाई आणि कर चढतात. सगळं मिळून लेखी मागा. विम्याचं तर दोनदा विचारा. आपली कारची पॉलिसी भाड्याच्या आरव्हीला बहुतेक वेळा लागू होत नसते, आणि क्रेडिट कार्डावरचं संरक्षण बहुधा मोटरहोमला वगळतं. पेट्रोलचा हिशेब सोपा आहे: गॅलनला आठ-दहा मैल. फिनिक्स ते सॅन डिएगो साधारण ३५५ मैल, म्हणजे एका बाजूला चाळीसेक गॅलन. कॅलिफोर्नियात पेट्रोल महाग, त्यामुळे अ‍ॅरिझोनाच्या हद्दीवरच्या युमाला टाकी गच्च भरून मगच कोलोरॅडो नदी ओलांडायची.

ताब्यात घेताना तासभर राखून ठेवा. कर्मचारी भराभर दाखवतो आणि आपण माना डोलावतो, तसं करू नका. त्याला विचारून पूर्ण व्हिडिओ काढा. पाण्याची जोडणी, विजेची तार, सांडपाण्याची नळी, हातमोजे, गाडी समतल करायचे ठोकळे, जनरेटरचं बटण आणि वॉटर हीटरचं बटण, सगळं. गाडीची उंची चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगसमोर लावा. साधारण बारा फूट असते. छतावर एसी आहे हे ड्राइव्ह-थ्रूच्या तोंडाशी विसरायला होतं.

वाटेवर

आय-८ महामार्ग सरळ आहे, पण सोपा नाही. युमानंतर वाळूच्या टेकड्या, मग इम्पीरियल खोरं. एल सेंट्रो हे गाव समुद्रसपाटीच्या चाळीसेक फूट खाली आहे. तिथून ओकोटियोपर्यंत सपाट, आणि मग एकदम दगडांच्या राशींतून चढ सुरू होतो. दहा-बारा मैलांत गाडी दोन हजार फुटांहून जास्त वर चढते, आणि पुढे ४,००० फुटांच्या वरचे माथे पार करते. एसी बंद करा अशा पाट्या वाटेत लागतात आणि रेडिएटरसाठी पाण्याच्या टाक्या ठेवलेल्या दिसतात. पाट्या पाळा. उजवीकडची लेन धरा, चाळीस मैलांच्या वेगाने चढलात तरी चालेल. मागच्याची घाई त्याची त्याच्यापाशी. या घाटात वारा जबर असतो. उंच गाड्यांसाठी वाऱ्याचा इशारा असेल तर युमाला एक रात्र थांबा, पण तसंच पुढे जाऊ नका. उतारावर 'टो-हॉल' बटण दाबलं की इंजिनच वेग धरून ठेवतं, ब्रेक तापत नाहीत.

उन्हाळ्यात पहाटे पाचला निघावं. वाळवंट ऊन चढायच्या आत पार होतं आणि घाट दहाच्या सुमारास.

आता आपल्या घरांसाठी खास सूचना. नदी ओलांडली की विंटरहेवनला कॅलिफोर्नियाचा शेतमाल तपासणी नाका आहे. आरव्ही दिसली की विचारपूस होतेच, कारण आत फ्रीज असतो हे त्यांना माहीत असतं. अंगणातली लिंबं, संत्री आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कढीपत्ता घरीच ठेवा. कढीपत्ता लिंबूवर्गातला. त्याच्या पानांवर जगणारा एक बारीक किडा संत्र्या-लिंबांच्या झाडांचा जीवघेणा रोग पसरवतो, म्हणून तिथे त्यावर कडक निर्बंध आहेत. फ्रीजमध्ये काय आहे ते खरं सांगा. पानं जप्त होतील एवढंच, खोटं बोलण्यात मात्र अर्थ नाही. फोडणीचा ताजा कढीपत्ता सॅन डिएगोतच घ्या. मिरामार भागात ब्लॅक माउंटन रोडला भारतीय दुकानं आणि उपाहारगृहं एका जागी आहेत.

दुसरी सूचना कागदपत्रांची. हा महामार्ग मेक्सिकोच्या सीमेला चिकटून जातो आणि पाइन व्हॅलीजवळ बॉर्डर पेट्रोलचा नाका लागतो. सगळ्यांचे मूळ पासपोर्ट, आय-९४ (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) आणि ग्रीनकार्ड किंवा व्हिसाचे कागद एका पाकिटात, पुढच्या सीटपाशी. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा की गणवेशातला माणूस नागरिकत्व विचारेल, साधं उत्तर द्यायचं.

आणि चुला व्हिस्टाला उतरणार असाल तर हे नक्की वाचा: आय-५ आणि आय-८०५ हे दोन्ही रस्ते दक्षिणेला थेट सीमेवर जाऊन मिळतात. 'लास्ट यूएसए एक्झिट' ही पाटी चुकली की गाडी मेक्सिकोत. पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का संपलेला असेल तर परत येणं हा वेगळाच डोंगर, आणि भाड्याच्या गाडीचा विमाही बहुतेक वेळा सीमेपलीकडे चालत नाही. नॅव्हिगेशनवर भिस्त असली तरी शेजारी बसलेल्याने पाट्या मोठ्याने वाचायच्या.

अल्पाइन गाव मागे पडलं की उतार सुरू होतो, खिडकी उघडता येते, आणि सकाळपासून पहिल्यांदा गार वारा आत येतो. हा क्षण मला सगळ्या प्रवासात सगळ्यात जास्त आवडतो.

बिऱ्हाड मांडताना

क्रम ठरवून घ्या. आधी गाडी समतल करा, नाहीतर फ्रीज नीट चालत नाही आणि रात्री सगळे एका कुशीवर घरंगळतात. मग वीज, मग पाणी, शेवटी सांडपाणी.

विजेचं गणित समजून घ्या, कारण आपल्या स्वयंपाकात तेच आड येतं. २५ फुटी गाडीला बहुधा ३० अँपिअरची जोडणी असते, म्हणजे फार तर ३,६०० वॉट. छतावरचा एसी पंधराशेच्या आसपास, इंडक्शन अठराशे, आणि कोणी त्यातच मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडतो. कुकर गाडीतल्या गॅसवर लावा. फोडणी देण्याआधी छतावरचा पंखा सुरू करून झडप उघडा, नाहीतर धुराचा गजर वाजतो. जमिनीलगत दुसरा एक गजर असतो, तो प्रोपेनचा. प्रोपेन हवेपेक्षा जड, खाली साचतो. त्याच्यासमोर पिशव्या ठेवू नका. आणि तो वाजला तर कारण शोधत बसायचं नाही. कुठलंही बटण न चालू-बंद करता सगळ्यांनी बाहेर पडायचं आणि बाहेरून सिलिंडरची चावी बंद करायची.

पाण्याच्या टाक्या तीन. स्वच्छ पाण्याची, आंघोळ-भांड्यांच्या पाण्याची करडी आणि संडासाची काळी. तिसरीबद्दल लोक विचारायला संकोचतात, म्हणून मीच सविस्तर सांगते.

पूर्ण जोडणीच्या साइटवर करड्या टाकीचा पाणी सोडायचा खटका उघडा ठेवला तरी चालतो. काळ्या टाकीचा कधीच नाही. उघडा ठेवला की पाणी निघून जातं आणि घट्ट मैला तळाशी राहून वाळतो, मग तो हटता हटत नाही. टाकी निदान दोन-तृतीयांश भरू द्या. रिकामी करायच्या दिवशी सकाळी करड्या टाकीचाही खटका बंद करा, म्हणजे त्यात पाणी साठेल. मग हातमोजे घाला, नळी गाडीला आणि जमिनीतल्या तोंडाला घट्ट फिरवून बसवा, आणि दोनदा ओढून बघा. आधी काळा खटका. खळखळ आवाज थांबेपर्यंत थांबा. तो बंद करा, मग करडा उघडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने नळी धुऊन निघते. शेवटी काळ्या टाकीत पाच-सहा लिटर पाणी आणि औषधाची गोळी टाकायची. एवढंच. दहा मिनिटांचं काम.

आपल्याकडे संडासात पाणी वापरतात, त्यामुळे काळी टाकी कंपनीने सांगितल्यापेक्षा लवकर भरते. सहा माणसांत दर दुसऱ्या दिवशी रिकामी करावी लागते, याची तयारी ठेवा. पुसायचे ओले टिश्यू (वेट वाइप्स) मात्र कधीही आत टाकू नका.

पिण्याच्या पाण्याची नळी वेगळी, पांढरी असते. सांडपाण्याच्या सामानाला तिचा स्पर्शही होऊ देऊ नका, दोन्ही वेगवेगळ्या कप्प्यांत.

शहरात हिंडताना आरव्ही जागेवरच

ला होयाच्या खडकांवर सी लायन पहुडलेले बघायला सगळ्यांना जायचं असतं. तिथल्या अरुंद गल्ल्यांत आरव्ही घेऊन जाऊ नका. बाल्बोआ पार्क, ओल्ड टाउन, गॅसलॅम्प, कुठेच नको. दोन कुटुंबं मिळून जात असाल तर एकाने आपली कार आरव्हीच्या मागोमाग आणावी. हा सगळ्यात सोयीचा मार्ग, शिवाय वयस्कर माणसांना कारमध्ये बसून येता येतं. नाहीतर दोन दिवस कार भाड्याने घ्या.

चुला व्हिस्टाची आणखी एक सोय म्हणजे ट्रॉली, म्हणजे तिथली शहरी रेल्वे. ब्लू लाइन सीमेपासून निघून चुला व्हिस्टावरून डाउनटाउनला आणि पुढे ओल्ड टाउनला जाते. डाउनटाउनला उतरून धक्क्यापर्यंत चालत जा. तिथे मिडवे ही विमानवाहू युद्धनौका उभी आहे, २००४ पासून संग्रहालय म्हणून. जवळूनच कोरोनाडोची फेरी बोट सुटते. पंधरा मिनिटांत पलीकडे, आणि बोटीतून १९६९ साली बांधलेल्या कोरोनाडो पुलाची कमान पूर्ण दिसते. हा पूल जवळपास २०० फूट उंच आणि वळणाचा आहे. आरव्ही त्यावरून जाते, पण वाऱ्यात नवख्याने टाळावा. सिल्व्हर स्ट्रँडलाच राहणार असाल तर दक्षिणेकडून इंपीरियल बीचमधून येणारा ७५ क्रमांकाचा सपाट रस्ता धरा.

चार रात्री असतील तर एक पूर्ण दिवस काहीही ठरवू नका. खुर्च्या बाहेर मांडा, पोहे करा, मुलांना सायकली द्या. माझे बाबा त्या दिवशी शेजारच्या आरव्हीतल्या ओरेगनच्या आजोबांशी तासभर बोलत बसले. इंग्रजी अडखळत होतं, पण दोघांचाही विषय गुडघे होता.

निघताना

परतीच्या सकाळी टाक्या रिकाम्या करा, गॅस बंद करा, कपाटांच्या कड्या लावा, फ्रीजला खिटी घाला. मग गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारायची. आमच्याकडे हे काम बाबांकडे आहे. हातात कागद घेऊन ते सावकाश फिरतात आणि प्रत्येक गोष्टीला हात लावून मोठ्याने म्हणतात: तार काढली, पांढरी नळी काढली, मोठी नळी काढली, ठोकळे उचलले, पायरी आत, छताची झडप बंद. आतून मी प्रत्येकाला 'हो' म्हणते. शेवटचा 'हो' झाल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही.